आईच्या दुरुस्त्या

माझा ब्लॉग गेली नऊ वर्षं फुकटच्या जागेवर चालला होता. बीडच्या एका कचेरीत कारकुनी करून संध्याकाळी जे काही लिहावंसं वाटतं ते मी तिथं लिहायचो. बहुतेक आमच्या दिंद्रुडच्या घरातलं, रानातलं, बाजारातलं. वाचक फार नव्हते, पण होते ते नेमानं यायचे. जागा एका मोठ्या कंपनीची. ती कुणाची आहे याचा मी कधी विचार केला नव्हता.

विचार करायला लावला तो माझ्या वर्गमित्रानं. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि गावातल्या व्यापाऱ्यांना तो वेबसाइट करून देतो. सरळ बोलणं त्याला जमत नाही.

“काय बे, जन्मभर लोकाच्याच ओसरीवर बसून लिवणार का?” तो म्हणाला. “उद्या त्यांनी दार लावलं तर? सवताचं नाव घे, सवताची जागा घे. समदं तुझ्या हातात.”

“आणि बिघडलं तर?”

“मी हाय की.”

हे ‘मी हाय की’ मी त्याच्याकडून शाळेपासून ऐकत आलोय, त्यामुळे घाई केली नाही. वहीत दोन रकाने पाडले. फुकटच्या जागेत राखण कंपनीची, पण किल्लीही कंपनीचीच. स्वतःच्या जागेत किल्ली माझी, पण दर वर्षी नावाचं नूतनीकरण करायचं, अधूनमधून सगळ्याची प्रत काढून ठेवायची, आणि कुणी आत शिरलं तर आपणच निस्तरायचं. आळशी माणसाला पहिली जागा बरी, आणि मी आळशी आहे. वही तशीच मिटली असती, पण मध्ये आईचं झालं.

आई दिंद्रुडला असते. शाळा तिनं दुसरीत सोडली. वाचता येतं, लिहिणं जड जातं. काही वर्षांपूर्वी मी तिला फोनवर ब्लॉग उघडून दिला आणि बोललं की अक्षरं कशी उमटतात ते दाखवलं. तिनं एवढंच ध्यानात ठेवलं, की लेखाच्या खाली एक चौकोन असतो आणि त्यात बोललेलं लेकाला पोचतं. तो चौकोन सगळ्या जगाला दिसतो हे मी सांगितलं होतं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. त्यामुळे हुरड्यावरच्या लेखाखाली ‘फारच सुंदर’ म्हणणाऱ्या पुण्याच्या बाईंच्या लगेच खाली आई असायची: “तुरीला पाणी दिलं. येताना गुडघ्याचं तेल आण. अन् हुरडा तुझ्या मामाच्या रानात व्हता, आपल्या न्हाई.”

घरच्या निरोपांचं मला हसू यायचं. त्रास व्हायचा तो दुरुस्त्यांचा. आमच्या मातोश्रींनी माझा एकही लेख जसाच्या तसा मान्य केला नाही. नारायणगडाच्या यात्रेला आम्ही बैलगाडीनं गेलो असं मी लिहिलं, तर खाली: “गाडी न्हाई, चालत गेलतो. तू अण्णाच्या खांद्यावर व्हतास म्हणून तुला गाडी वाटली.”

वाचकांना हे फार आवडायला लागलं. आम्ही आईंचंच वाचायला येतो, असं एकानं लिहिलंही. मग एक दिवस कचेरीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय, या वेळी आईसाहेबांनी पास केलं का?” सगळे हसले. मीही हसलो. आणि त्याच आठवड्यात तिच्या पाच-सहा दुरुस्त्या पुसून टाकल्या. मला लाज वाटली होती. खोटा पडल्याची वाटली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर ती तिच्या बोलीची वाटली होती. पुसलेलं तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि ती बोलली नाही. त्यानंतर ती चौकोनात कमी बोलायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला सगळं ऐकू येतं, कळतं, पण शब्द येत नाही. एका रविवारी तिच्या उशाशी बसलो असताना माझ्या ध्यानात आलं, की आईचं बोलणं आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि ती जागा आपली नाही. मी घाबरलो. तिथूनच मित्राला फोन केला.

त्यानं नव्या जागेची चाचणी करून दाखवली. लेख आले, फोटो आले, खालची बोलणीही आली. फक्त प्रत्येक बोलण्यावरचं नाव गेलं आणि तिथं ‘अनामिक’ आलं. पुण्याच्या बाई अनामिक, आई अनामिक. “हातानं टाक नावं,” तो म्हणाला, “तुला वळखू येतीलच की.” येतच होती. मी एकेक वाचत ‘आई’ टाकत गेलो, आणि विहिरीच्या लेखापाशी थांबलो. त्याखाली तिचं काहीच नव्हतं.

“पुसलेलं परत येतं का?” मी विचारलं.

“सवताच्या जागेत महिनाभर कचऱ्याच्या टोपलीत ऱ्हातंय. तिथलं गेलं म्हंजी गेलं. मेलवर आलं आसंल की तुला.”

मेलवरच्या सूचना फार येतात म्हणून मी पहिल्याच वर्षी बंद केल्या होत्या.

“पर पुसलंस कावून बे?” त्यानं विचारलं.

विहिरीचा लेख हा माझा सगळ्यात गाजलेला. मी पाच वर्षांचा असताना खणलेली विहीर, शेवटच्या सुरुंगाला लागलेलं पाणी, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोराला धरून खाली उतरून वर आणलेला पहिला तांब्या. त्याखालची आईची दुरुस्ती लांबलचक होती. पहिली ओळ मला आठवते: “इहिरीचं खोटं हाय.” पुढचं मी नीट वाचलंच नव्हतं. अण्णा आता नाहीत, आणि त्या दिवशी विहिरीवर असलेलं दुसरंही कुणी उरलेलं नाही.

पुढच्या रविवारी दिंद्रुडला जाऊन मी तिला तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला. ती आढ्याकडं बघत ऐकत होती. अण्णा दोराला धरून उतरले, एवढं मी वाचलं आणि तिनं डावा हात उचलून हलवला. नाही.

“अण्णा न्हाई उतरले?”

हात पुन्हा हलला.

“मग कोण उतरलं?”

तो हात तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला.

“तू उतरलतीस?”

तिनं मान हलवली. हो.

“कावून? अण्णा कुठं व्हते?”

तिचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि मी फोन खाली ठेवला.

जागा शेवटी मी स्वतःचीच घेतली. जुनीही तशीच ठेवली आहे. तिथलं काहीही पुसायला आता हात धजत नाही. विहिरीचा लेख नव्या जागेत होता तसाच ठेवला, एक शब्द बदलला नाही. फक्त खालच्या चौकोनात माझ्या नावानं लिहिलं: ‘इथं आईची दुरुस्ती होती. ती मी पुसली. विहिरीत अण्णा नव्हे, आई उतरली होती. ती का उतरली, हे तिनं सांगितलं होतं. मी वाचलं नाही.’