साहेबांमार्फत अर्ज

माझा मामा पाणीपुरवठा कार्यालयात लिपिक आहे. एकवीस वर्षं तो साहेबांची पत्रं लिहितो आणि साहेब न वाचता सह्या करतात. मामाला वाटतं, साहेबांना सगळं कळतं; साहेबांना वाटतं, मामाला काहीच कळत नाही. कारभार सुरळीत चालतो.

अशा माणसाला सैन्याच्या राखीव दलात अधिकारी व्हायचं होतं. नोकरी सांभाळून वर्षातले काही आठवडे गणवेश घालायचा. जागा अकरा, अर्ज हजारो. वयाची मर्यादा मामा पुढच्याच महिन्यात ओलांडणार होता, म्हणजे ही शेवटची संधी.

"भाजी आणायला पाठवलं तर कुठली ते विचारायला जिन्यातून परत येतात," मामी मला म्हणाली. "हे पलटण नेणार."

मामा रोज सकाळी गच्चीवर टाकीभोवती चाळीस फेऱ्या पळू लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा हा भावी अधिकारी बूट काढून मोज्यांवर पळू लागला.

अर्जात सगळा भर एकाच रकान्यावर होता: स्वतः नेतृत्व केलेला प्रसंग लिहा, कार्यालयीन पुरावा जोडा. मामाकडे प्रसंग होता. तीन वर्षांपूर्वी इस्पितळाजवळची मोठी जलवाहिनी भर दुपारी फुटली. साहेब भाचीच्या लग्नाला गेले होते. मामाने चौदा कामगार गोळा केले, सहा तास गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक व्हॉल्व्ह बंद करून घेतला आणि तळमजल्यावरचे रुग्ण वर हलवले.

पुरावाही होता. मामाने फायलीतून अहवालाची प्रत आणली आणि पलंगावर बसून वाचली. 'साहेबांनी स्वतः गुडघाभर पाण्यात उभं राहून...' कार्यालयाची रीतच तशी होती, काम कोणीही करो, अहवालात ते साहेबच करत. अक्षर मामाचं. पाण्यात चपला वाहून गेल्या होत्या मामाच्या, त्याही त्याने साहेबांच्या नावे वाहवल्या होत्या.

"छान लिहिलंय हो," मामी म्हणाली. "वाचून साहेबांबद्दल आदर वाटतो."

आता साहेबांचं नवं प्रमाणपत्र हवं होतं, आणि अर्जही त्यांच्यामार्फतच जायचा होता. साहेब नेहमीसारखं म्हणाले, "लिहून आण, सही करतो."

"मग मिटलंच," मामी म्हणाली. "खरं काय ते लिहा नि सही घ्या. वाचतात कुठे ते?"

"न वाचता केलेली सही हा काय पुरावा?"

"आणि एकवीस वर्षं काय घेत होतात?"

त्या रात्री मामाने खरं काय ते लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी कागद पुढे ठेवून तो साहेबांना म्हणाला, "साहेब, वाचून सही करा."

साहेबांनी चष्मा शोधला. तो कार्यालयात कधी लागलाच नव्हता, त्यामुळे घरी होता. "तूच वाच," ते म्हणाले.

मामाने उभ्याने सगळं वाचलं. लग्न आलं, चौदा कामगार आले, चपला आल्या. पंखा फिरत होता.

"लग्नाचं लिहायलाच हवं का?"

"त्याशिवाय आधीचा अहवाल खोटा का, ते कळत नाही साहेब."

"तो लिहिला कोणी?"

"मी."

"म्हणजे खोटं तू लिहिलंस."

"हो. सही तुमची आहे."

साहेबांनी कागद ओढून घेतला. अर्ज फाडला असता तरी विचारणारं कोणी नव्हतं. साहेबांनी सही केली. मग सहीखाली, नोकरीत बहुधा पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'अर्जदार वरिष्ठांना तोंडावर बोलतो.'

मामाने ती दोनदा वाचली. खाडाखोड नव्हती. त्याने खाली तारीख घातली, शिक्का मारला आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी कागद पाकिटात घालून स्वतःच टपालात टाकला.