अर्जेंटिनाची पंगत

ताडोब्याच्या जंगलाला लागून एक अर्जेंटिनाच्या जेवणाचं हॉटेल आहे आणि तिथं मला जायला बंदी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (आमच्या सावली गावात वेगळंच पसरलं आहे.)

झालं असं, की आमची प्रज्ञा त्या हॉटेलात असिस्टंट मॅनेजर झाली. आनंदाचं जेवण इथंच करा, आई-बाबांना घेऊन या, असं मालकच म्हणाले. पण नोकरी अजून कच्ची होती. सहा महिने नीट गेले तर पक्की. म्हणून दारातच पोरीनं मला बाजूला घेतलं.

“बाबा, एकच ऐका. खुर्चीत बसलं की उठायचं नाई.”

“काऊन? मी काय लहान लेकरू आहो?”

“मालक तिथंच जेवतात. माह्या नोकरीचा सवाल आहे, बाबा!”

“शब्द देतो,” मी म्हटलं आणि बसलो.

आता माझी अडचण समजून घ्या. गावात कोणाचंही लग्न असो, पंगतीतून फिरत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचं काम माझं. आणि हे तर माझ्या सख्ख्या पोरीचं जेवण! हॉलभर माणसं जेवताहेत आणि मुलीचा बाप रेलून बसलाय? मला घाम फुटला. (एसी चालू होता.)

एवढ्यात आमचं स्टेक आलं. लाकडी पाटावर तळहाताएवढा मटणाचा भाजलेला तुकडा आणि शेजारी हिरवी चटणी. तिखट नावालाही नाही! बायको बराच वेळ वाट बघत राहिली.

“अवो, रस्सा मागून येते काय?”

तेवढ्यात प्रज्ञाला कोणीतरी ऑफिसात बोलावलं. ती दाराआड गेली आणि माझे पाय आपोआप उभे राहिले.

पहिलं टेबल दोन गोऱ्या पाहुण्यांचं. मी हात जोडले. “सावकाश होऊ द्या!” त्यांनीही हात जोडले. इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या टेबलावर पुण्याचं कुटुंब. त्यातल्या बाई म्हणाल्या, “अहो मालक, हे आतून गुलाबी आहे हो!” मी मालक नाही, एवढं बोलायला काय हरकत होती? पण माझ्या पंगतीत कच्चं मटण? मी पाट उचलला आणि थेट भटारखान्यात शिरलो.

“भाऊ, हे पुन्हा भाजा! बकरा अजून बोलून राह्यला!”

तिथंच एक वाढपी मोठी परात भरून भाजलेलं मटण बाहेर नेत होता. एकटाच, बिचारा! मी म्हटलं, दे इकडं. मग काय विचारता! “घ्या, एवढं एक!” “नो, नो!” पंगतीत ‘नको’ म्हणणाऱ्याला दोन वाढायचे असतात. गोऱ्या पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला, तो मी प्रेमानं बाजूला सारला आणि तीन वाढले.

शेवटच्या टेबलाशी पोचलो तेव्हा परातीत दोन हाडं उरली होती. टेबलावर मालक बसले होते. परात त्यांचीच होती.

“माझं मटण?” मालकांनी विचारलं.

दारात प्रज्ञा उभी. तिचा चेहरा पांढराफटक! जे तोंडाशी आलं ते बोललो.

“साहेब, पाहुणे आधी. तुमी-आमी घरचे. घरचे मागून जेवतात ना!”

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज घुमला, “अवो, बसा ना खाली!”

मालक उठले. गेली पोरीची नोकरी, मी मनात म्हटलं, आणि खरंच सांगतो, माझे डोळे भरून आले. मालकांनी हॉलभर नजर फिरवली. पुण्याच्या बाई गोऱ्या पाहुण्याला स्वतःच्या ताटातलं वाढत होत्या, दोन टेबलं जोडली गेली होती आणि वाढप्याला चौफेर नव्या ऑर्डरी येत होत्या.

“घरचे ना आपण? मग बसा! दुसरी परात आणा रे, यांना मी वाढतो!”

प्रज्ञा हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण मालकांनी असा सूड उगवला म्हणता! त्यांनी वाढलं, मग पुण्याच्या बाईंनी, मग गोऱ्या पाहुण्यानं. “सौकास हौ द्या!” मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यानं तो प्रेमानं बाजूला सारला.

प्रज्ञाची नोकरी पुढं पक्की झाली. पण त्या दिवशी निघायची वेळ आली, तर मला उठवेचना! मालकांनी आणि तीन वाढप्यांनी मिळून मला खुर्चीसकट गाडीपर्यंत उचलून नेलं. मागून माझ्या चपला हातात घेऊन प्रज्ञा येत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “खुर्चीतून उठणार नाई म्हणाले होते. पाळला बरं शब्द!”