तारल्यांच्या वासाची नाचणी

त्या वर्षी रानडुकरांनी शेजारच्यांची नाचणी एका रात्रीत लोळवली. आमची डोंगराच्या उतारावर अजून उभी होती, कापायला थोडा अवकाश होता. मी पोटुशी. आधीचं एक पोटातच गेलेलं. सुईण म्हणाली होती, उपाशी बाईच्या पोटात मूल थांबत नाही. भातशेती आम्हांला नव्हती, नवरा मुंबईला. ती नाचणी हेच काय ते खाणं.

तेव्हा किनाऱ्यावर तारली माशांचे ढीग पडायचे. लोक खाऊन कंटाळायचे आणि उरलेली माडाच्या मुळात खत म्हणून पुरायचे. सासूने त्यातलीच कुजलेली पाटीभर आणली नि चिंध्यांत बांधली.

"डुकराक ह्यो वास सोसणा नाय," ती म्हणाली. "बांध कुंपणाक."

चिंध्यांतून पिवळं पाणी गळून कोपरापर्यंत यायचं. मी बांधत होते आणि ओकत होते.

डुक्कर नाही आला, खरंच. कोल्हे आले, आणि वाडीतली झाडून सगळी कुत्री. त्यांनी चिंध्या ओढल्या, मासे नाचणीत नेऊन फाडले, त्यांच्यावरून भांडली, तिथेच लोळली. सकाळी बघते तर अर्धं शेत आडवं. कणसांना माशांचा लगदा चिकटलेला, वर माश्यांचा काळा थर. ऊन चढलं तसे किडे वळवळायला लागले. मी बांधावर बसून रडले.

"कोल्ह्यांका कोणी सांगल्यान?" सासू म्हणाली. चुकलं असं काही म्हणाली नाही. "रडतंस कित्याक? विळो घे."

उभी कणसं विळ्याने कापली. आडवी झालेली हाताने खुडली. नाचणीचं कणीस मिटलेल्या मुठीसारखं असतं, किडा आत जाऊन बसतो. ती मूठ बोटाने उघडायची, किडा चिमटीत धरून टाकायचा, मग कणीस पाटीत. चिमटीत तो फुटायचा. हात कुठे पुसणार, लुगडंही तसंच झालेलं.

वाटेवरून शेजारची काकी नाकाला पदर लावून ओरडली, "काय गो, कापणी करतंस की मासे साफ करतंस?"

"ये, तुका पण वाटो देतंय!" सासू उलटून बोलली. काकी पळाली.

कणसं व्हाळात धुतली, कातळावर वाळवली, झोडली, दाणे परत धुतले. वास गेला नाही. जात्यावर दळताना पीठ गरम झालं तसा आणखी वर आला. तारली मी नंतर कधी तोंडाला लावली नाही. नाचणी खाते, न खाऊन जगणार कशावर.

पहिली भाकरी सासूने तोंडात घातली नि चावत राहिली.

"आज निस्त्याक नको गो," ती म्हणाली. "मासो भाकरीतच आसा."

मला हसू आलं नाही. घशाशी आलेलं परत गिळलं. तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि आपल्यातली अर्धी माझ्या ताटात टाकली.

"ही पण खा."

माया होती ती, मला कळत होतं. पण नाक दाबून खाल्ली, आणि खाली उतरेपर्यंत तोंडावर हात धरून बसले.