वांगरवाडीचं ठेसन

कडेगाव तालुक्यातल्या वांगरवाडीच्या आप्पासोला शिबिरांचं वेड होतं. कुणाला तमाशाचं असतं, कुणाला निवडणुकीचं, याला प्रशिक्षणाचं. शेळीपालन, गांडूळखत, अळिंबी, प्रथमोपचार, जिथं म्हणून पिशवी, पेन आणि दुपारचं जेवण मिळेल तिथं आप्पासो हजर. महिलांसाठी फॉल-पिकोचं शिबिर निघालं, तर तिथंही हा मागच्या रांगेत बसून आला आणि आठवडाभर बायकोच्या, म्हणजे हरणाबाईच्या, साड्यांच्या मागं लागला. मधमाशापालन शिकून आल्यावर त्यानं दारात पेटी ठेवली. माशा राहायला आल्या आणि हरणाबाई माहेरी गेली.

एवढं शिकूनही गावानं त्याला कधी काही विचारलं असेल तर शपथ. पारावर त्यानं तोंड उघडलं की, "आलं बघा सर्टिफिकेट," म्हणून लोक चपला शोधायला लागायचे. शेळी आजारी पडली तर एक वेळ शेळीलाच विचारतील, पण आप्पासोला नाही. त्याला ते आतून लय लागायचं. आपण सांगावं आणि गावानं ऐकावं, एवढं एकदा झालं की डोळे मिटायला मोकळा, असं तो हरणाबाईला म्हणायचा.

"मिटा की," हरणाबाई म्हणायची, "पर आदी म्हशीला पाणी दावा."

अशात कराडच्या एका कॉलेजात कार्यशाळा निघाली. विषय : भूगणित आणि पृथ्वीचं गुरुत्व. ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ येणार होते. जाहिरातीत लिहिलं होतं, 'संशोधक, प्राध्यापक, विद्यार्थी व इच्छुक यांच्यासाठी.' पहिल्या तिघांशी आप्पासोचं काही देणंघेणं नव्हतं. चौथा शब्द मात्र त्याच्यासाठीच छापला होता. सांगली जिल्ह्यात इच्छुक म्हणजे झेडपीचं तिकीट मागणारा. आप्पासो त्यातला नव्हे. त्याची इच्छा निर्मळ होती आणि ती कशाचीही असू शकत होती.

कॉलेजच्या दारातल्या मुलीनं विचारलं, "तुमचं क्षेत्र कुठलं, काका?"

"क्षेत्र सव्वा एकर. पर मी हितं इच्छुकात हाय."

मुलीनं त्याच्या छातीवर बिल्ला लावला : आप्पासो, इच्छुक.

पहिल्या दिवशी त्याला एकच मुद्दा कळला, पण तो पक्का कळला. पृथ्वी सगळीकडं सारख्याच जोरानं ओढत नाही. कुठं कणभर जास्त, कुठं कणभर कमी. यात वादाला जागाच नव्हती. पारावर ती माणसाला जास्त ओढते आणि रानात कमी, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पल्लवी मॅडम नकाशा दाखवून म्हणाल्या, "कडेगावच्या बाजूला आम्हाला एक स्टेशन हवं आहे. खाली सलग कातळ असलेली जागा कुणाला माहीत आहे का?"

आप्पासोचा हात आपसूक वर गेला. "आमच्या बिरोबाचं देऊळ, मॅडम. चौथरा कातळावर हाय. बांधताना पहारी वाकल्यात."

"वा. मग स्टेशन तुमच्याच गावात."

तिसऱ्या दिवसाला आप्पासो थांबलाच नाही. सर्टिफिकेट न घेता त्यानं शिबिर सोडलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. गाडी बदलत बदलत गावात उतरला आणि थेट पारावर आला.

"गड्यांनो, आपल्या गावाला ठेसन झालं. बिरोबाच्या माळावर, देवळापाशी."

आता गावानं नेहमीसारखं उठून जायचं. पण रेल्वेचं नाव काढलं की वांगरवाडीचा माणूस जरा हळवा होतो. लष्करातली पोरं सुट्टीवर यायची तर कराडला उतरायची आणि निम्मी रजा पुढच्या वाटेवर संपली म्हणायची. तरी सरपंच दिग्विजयनं खात्री करून घेतली.

"बिरोबाच्याच माळावर का रं, आप्पासो?"

"खाली कातळ हाय म्हणून."

दिग्विजयनं मान डोलवली. "बराबर हाय. रेल्वे जड आस्ती. कातळाबिगर पेलंल व्हय?"

सरपंचालाच पटलं म्हटल्यावर गावाला न पटून करतं काय? रविराजनं कँटिनसाठी मोठं पातेलं आणलं. बिराप्पानं आपली रिक्षा देवळापुढं नेऊन उभी केली आणि हा ठेसनचा स्टँड, दुसऱ्यानं लावायची न्हाई, असं जाहीर केलं. शेजारच्या माळवाडीनं निरोप धाडला, नाव 'वांगरवाडी-माळवाडी जंक्शन' ठेवा. ग्रामसभेनं तो एकमतानं फेटाळला. आणि आप्पासो? फलाट कुठल्या अंगाला येणार, हे लोक त्याला घरी येऊन विचारू लागले. आलेच आहेत तर शेळीच्या हगवणीचंही विचारू लागले. तो सांगे आणि लोक चक्क ऐकत.

मग पल्लवी मॅडमचा फोन आला. "आप्पासो, उद्या येतोय. चौथऱ्यावर हातभर जागा झाडून ठेवाल का?"

"हातभरच, मॅडम?"

"यंत्र मावलं की झालं. जिथं गुरुत्व मोजतो त्या प्रत्येक जागेला आम्ही स्टेशन म्हणतो. मोजायचं, खूण ठोकायची आणि पुढं जायचं. काही अडचण आहे का?"

"न्हाई," आप्पासो म्हणाला आणि फोन बंद झाला तरी कानालाच धरून बसला.

"आवं, तोंड का उतरलं?" हरणाबाईनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"मग पारावर जाऊन सांगून टाका."

"आत्ता कुटं ऐकाय लागल्यात गं माझं."

"ऐकाय लागल्यात तवाच सांगा की. मागनं कोण ऐकणार हाय?"

पण त्याचा पाय काही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर मांडव, रांगोळी, शाळेची पोरं आणि हलगी. जीपमधून पल्लवी मॅडम उतरल्या, तर दिग्विजयनं त्यांना फेटा बांधला. हे सगळ्या गावांत असंच असतं, असं समजून त्यांनी तो बांधून घेतला. मग चौथऱ्यावर तीन पायांची बैठक ठेवून तिच्यावर दुधाच्या किटलीएवढं यंत्र बसवलं.

"इंजान मागनं येतंय व्हय?" दिग्विजयनं आप्पासोच्या कानात विचारलं.

इकडं यंत्राचा काटा काही केल्या ठरेना. "पावलांनी हलतंय, हलगीनंही हलतंय," मॅडम म्हणाल्या. "सगळे थोडे लांब होता का? आवाज नको." पण पुढची जागा सोडायला कोण तयार? मागचे ढकलत होते, हलगीवाला रंगात आला होता. मॅडमनी दोनदा विनवलं आणि मग हताशपणे आप्पासोकडं बघितलं.

आप्पासो चौथऱ्याच्या पायरीवर चढला. हरणाबाई बायकांच्यात उभी होती. तिच्याकडं बघून तो बोलला.

"गड्यांनो, माझं चुकलं. ह्ये रेल्वेचं ठेसन न्हवं. जमिनीची ओढ मोजायची जागा, तिला ही मंडळी ठेसन म्हणत्यात. गाडीबिडी काय येणार न्हाई."

माळावर असं चिडीचूप झालं की हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. कुणी पाऊल हलवेना, कुणी खोकेना.

"सुंदर," पल्लवी मॅडम यंत्रात बघत म्हणाल्या. "असेच राहा."

त्यांचं मोजून झालं आणि मागून बिराप्पाचा आवाज आला, "माळवाडीच्या लोकांनी कवा गाठलं रं तुला?"

झालं, सगळ्यांना उलगडा झाला. आप्पासो फुटला. ठेसन माळवाडीला पळवायचं चाललंय. चुकीचं सांगितलं तेव्हा विश्वास ठेवणारं गाव खरं ऐकायला तयार होईना. शेवटी दिग्विजय मॅडमच्या पुढ्यात उभा राहिला. "मॅडम, एका शब्दात सांगा. हे ठेसन हाय का न्हाई?"

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. त्यांचा मदतनीस पितळी खूण ठोकत होता. "कायमचं स्टेशन. ही खूण मात्र कुणी हलवायची नाही."

"आन् गाडी?"

मॅडमनी जीपकडं बघितलं. "गाडी आता निघेल, संध्याकाळी परत येईल. आणखी एकदा मोजायचंय."

"जाताना एक, येताना एक," दिग्विजय गावाकडं वळून म्हणाला. "अप आन् डाऊन. दोनी गाड्या हायत."

हलगी कडाडली. लोकांनी आप्पासोला खांद्यावर घेतलं. "आरं, खरंच न्हाई रं," तो वरून सांगत होता. "बघा, एवढं करून मोठेपणा घेत न्हाई," खालून लोक म्हणत होते.

सकाळी आप्पासो माळावर गेला, तर पितळी खुणेजवळ म्हातारी बनुबाई गाठोडं घेऊन बसलेली. तिची लेक सांगलीला दिलेली.

"मावशे, हितं का बसलीस?"

"गाडीला."

"गाडी न्हाई गं. काल सांगितलं न्हवं?"

"ठेसन आणलंस ना तू? मग गाडी यील. मला काय घाई न्हाई. मी बसती."

आप्पासोही शेजारी बसला. ऊन वर आलं तरी म्हातारी रुळांच्या दिशेनं, म्हणजे तिला वाटलं त्या दिशेनं, शांतपणे बघत राहिली. शेवटी तो उठला, घरी गेला आणि मोटारसायकल घेऊन आला.

"बस, मावशे. सांगली."

"मी म्हटलं न्हवं, यील म्हणून," म्हणत बनुबाई मागं बसली.

दुसऱ्या दिवशी तिथं दुसरंच कुणी बसलेलं होतं. आता आप्पासोला शिबिराला जायला सवड होत नाही. तो सकाळी गाडी घेऊन देवळापुढं उभा असतो. हरणाबाई त्याला डबा बांधून देते आणि लोकांना सांगते, "हल्ली आमचं रेल्वेत हायती."

त्या पहिल्या खेपेला बनुबाई लेकीच्या दारात उतरली, तेव्हा लेकीनं विचारलं, "एवढ्या लांबनं आलीस, कटाळा न्हाई आला?"

"कटाळा कसला? सारी वाट बोलत आणलं त्यानं. भुई सारखी ओढत न्हाई म्हणं. मग अळिंबीचं सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं."

"आन् तू ऐकलंस?"

"उतरता येतंय व्हय मधीच?" बनुबाई म्हणाली. "पर चांगलं सांगतोय गं. गांडुळाचं ऱ्हायलंय, ते परत नेताना सांगणार हाय."