डब्यांवरची नावं

सकाळी अश्विनीच्या स्क्रीनकडे सहज नजर गेली. पत्ते तपासणारा एपीआय, म्हणजे आमच्या कुठल्याही प्रोग्रॅमला आयता वापरता येईल असा भाग, ती नव्याने लिहीत होती. तोच मी मागे लिहिलेला आहे.

"अगं, हा आहे आपल्याकडे! किती दिवस गेले?"

"तीन आठवडे, मॅडम, रविवार धरून. यादीत शोधला होता, पण नव्हता."

नव्हताच. टीमच्या यादीत मी तो कधी टाकलाच नाही. लोक माझ्या टेबलाशी येऊन "मॅडम, हे कुठे मिळेल?" विचारायचे, आणि मला ते आवडायचं. काही बायका डब्यांवर नावं लिहीत नाहीत. जिऱ्यासाठीही घराला त्यांनाच हाक मारावी लागते. मी त्यांना हसत आले. अश्विनी नवी आणि भिडस्त, तिने हाक मारली नाही.

"लेकीचं गॅदरिंग तेवढं हुकलं," लिहिलेलं सगळं पुसता पुसता ती म्हणाली. "झाडाचं काम होतं तिला. जाऊ दे, झाड काय, उभंच राहायचं होतं."

मी जागेवर येऊन यादीत नोंद केली. सात मिनिटं लागली.