मयूराने बांधलेले पूल

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या मयूराला हातावर हात ठेवून बसणं कधी जमलंच नाही. पुण्याहून ती हेअरड्रेसिंग शिकायला आली. ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी, म्हणजे पीआर मिळाली, नवरा म्हणून यतिन मिळाला, शॉपिंग सेंटरमधल्या सलूनमध्ये कायमची नोकरी मिळाली. २०२०च्या ऑगस्टमध्ये मेलबर्न पुन्हा कडेकोट बंद झालं, सलूनला कुलूप लागलं, आणि मयूराने यतिनचे केस लागोपाठ तीनदा कापले. पुन्हा कात्री दिसली तसा तो बाथरूममध्ये पळाला.

मग तिचा मोर्चा गराजकडे वळला. घरातल्या फायली ठेवायला यतिनने हौसेने आणलेला सर्व्हर तिथे धूळ खात होता. चार खणांचा डबा, चारही खणांत हार्ड डिस्क, आणि त्यांत लग्नापासून गणपतीपर्यंत सगळं कोंबलेलं. यतिनला ऑफिसच्या मीटिंगांतून सवड नव्हती. मयूराने व्हिडिओ बघून बघून शिकायला घेतलं आणि पार झपाटली. पोळी तव्यावर करपली तरी तोंडात डिस्कच.

"आई, मी दोन पूल केले!" तिने फोनवर सांगितलं.

"अगं बाई! नदी आहे का तुमच्याकडे?"

मयूरा हसून हसून ओट्यावर आडवी झाली. "डिस्कांचे पूल गं! डिस्क एकत्र जोडल्या की त्याला इंग्रजीत पूल म्हणतात. एक सिनेमांचा. तो गेला तर गेला. दुसरा आपल्या फोटो-व्हिडिओंचा. त्यात दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक मेली तरी दुसरी आहेच."

"काढून बघितलीस का एखादी?"

नव्हती बघितली. आता तिला चैन पडेना.

गणपतीला सगळी मित्रमंडळी झूमवर जमली. मयूराने गेल्या वर्षीच्या फुगड्यांचा व्हिडिओ सर्व्हरवरून लावला, फोनचा कॅमेरा डब्याकडे वळवला आणि ओरडली, "बघा हं, आता मी डिस्क काढणार!"

"अगं, वेडी आहेस का?" पलीकडून तिची मैत्रीण सुखदा किंचाळली.

मयूराने खण ओढला. डिस्क हातात आली, तरी फुगड्या चालूच! टाळ्या, शिट्ट्या. मयूरा डिस्क डोक्यावर धरून गराजभर नाचली. यतिनलाही चेव आला. "थांब, मी पण!" म्हणत त्याने दुसरी ओढली. नेमकी जोडीतलीच.

व्हिडिओत गरगर फिरणारी सुखदा एका पायावर थिजली.

"यतिन!!"

"मला वाटलं सिनेमांची..."

लग्न, गणपती, सगळं त्या दोन डिस्कांवर. पण शिकलेलं मयूराच्या डोक्यात होतं. शेवटी निघालेली आधी बसवायची, कारण तिच्यावर सगळं ताजं. तिने ती खणात सरकवली, कीबोर्डवर आज्ञा टाइप केली. दिवा लुकलुकला, हिरवा झाला. तिने व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि सुखदा गर्रकन फिरली. मग तिने स्वतः काढलेली डिस्कही बसवली, आणि सर्व्हर यतिनने काढलेल्या डिस्कवरचं तिच्यावर उतरवू लागला.

पलीकडे प्रत्येक घरात लोक खरोखरच्या फुगड्या घालायला लागले. त्यांचा मित्र शैलेंद्र याने तर सोफ्यालाच जोडीदार केलं.

"नो वरीज, मेट," यतिन चाचरत, ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाला.

"मेट म्हणू नकोस," मयूरा म्हणाली, पण हसू काही आवरेना. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि गराजमध्ये, कारच्या बाजूला, त्याला चक्कर येईपर्यंत फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रचा मेसेज आला: "आमच्याकडेही पूल बांधायचेत. बाहेर पडायला परवानगी असलेल्या पाच किलोमीटरच्या आतच राहतो. येशील?"

पण लॉकडाऊनमध्ये कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जायला बंदी होती. मग तिने व्हिडिओ कॉलवरूनच त्याचे पूल बांधून दिले.