कारेकर सर लेख तपासतात

दुपारी बाराला वाचनालय बंद होतं ते चारला उघडतं. मधल्या वेळात हेमलताबाई गुरव घरी जात नाहीत. वाचनाच्या टेबलापाशीच पोथीचा आजचा अध्याय संपवतात, पोथीला नमस्कार करून ती कपड्यात गुंडाळतात आणि लेखाचे कागद पुढ्यात ओढतात. चातुर्मासात दुपारी पाठ टेकायची नाही हा त्यांचा नेम. पण पहाटे चारला उठलेल्या डोळ्यांना नेम कोण समजावणार? पंख्याची घरघर लांब लांब जाते. ओळी एकमेकींच्या अंगावर रेलतात.

लेख आहे ग्रंथपालांच्या त्रैमासिकासाठी, आणि आज संध्याकाळी तो संपादक निमकरबाईंच्या हाती पडायलाच हवा. पहिलं वाक्य असं : "पुस्तकात चिठ्ठी ठेवण्याचा हा उपक्रम आमचे ग्रंथपाल कै. कारेकर सर यांनी सुरू केला." त्या वाक्यापाशीच बाईंची मान कलते.

"खळीत मोरचूद जरा कमी पडलंय, कसर लागेल," समोरून आवाज येतो.

कारेकर सर बाह्या सारून बसलेत आणि फाटक्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावतायत. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. दारावरच्या फळ्यावर ती बातमी हेमलताबाईंनीच लिहिली होती. तरी त्यांना नवल वाटत नाही. लाज वाटते ती एवढ्याचीच, की आपण सरांच्या खुर्चीत बसलोय.

"बसा, बसा. मला आता खुर्ची कशाला? काय लिहिलंय ते वाचा."

बाई पहिलं वाक्य वाचतात. सरांचा ब्रश थांबतो.

"मी सुरू केला?"

"सर, तुमच्या काळातच तर..."

"माझ्या काळात नदीला दोन पूर आले, गुरवबाई. तेही मीच आणले का?"

आता टेबल एसटी स्टँडवर आहे. तिकिटाच्या खिडकीत हेमलताबाई बसल्यात आणि बाहेर वाचकांची रांग लागलीय. जो तो पुस्तक पुढे सरकवतो, नजर चुकवतो आणि म्हणतो, "छान होतं हो." अर्ध्यातच सोडलेलं पुस्तक परत करताना माणसं अशीच बोलतात. म्हणून तर बाईंनी प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी घालायला सुरुवात केली होती. जिथं सोडलं तिथं पुस्तक-पान लिहून ठेवा, स्वतःचं नाव लिहू नका. एखाद्या पुस्तकात तीसजणांनी एकाच पानाशी हात टेकलेले दिसले, की एकतिसाव्याला त्या हळूच सांगत, "चाळीस पानं दम धरा, पुढं गोड आहे." आणि माणसं पुस्तकं पुरी करू लागली होती.

"आणि मी काय म्हणालो होतो?" सर रांगेतूनच विचारतात.

बाई पुढचं पुस्तक ओढून घेतात.

"गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हे मला नका सांगू. गेलेला मीच आहे."

"म्हणालात, हे वाचनालय आहे की दवाखाना? कुठं दुखतंय ते विचारत बसता!"

"चिठ्ठ्यांचं काय केलं?"

"कचऱ्याच्या टोपलीत टाकल्यात तुम्ही. तुम्ही घरी गेलात की मी वेचून काढायची. सहा महिने."

"चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, असा नेम आहे ना तुमचा?"

"बोलायचं नाही असा आहे, सर. लिहायचं..." आपलं उत्तर किती पातळ आहे हे बाईंनाच ऐकू येतं.

सर खांदे गदागदा हलवत हसतात. "बघा! आवाज एवढा मऊ, आणि देवापुढं वकिली करता होय!"

"लोक म्हणतील, सर गेले आणि बाईनं स्वतःचं नाव लावलं. शिवाय तुमचं नाव लहान होईल."

"होऊ दे की. पलीकडच्या कुठल्या तालुक्यात एक बाई बसलीय. तिचा साहेब तिच्या चिठ्ठ्या फेकतोय. तिनं तुमचा लेख वाचला, आणि त्यात सगळं साहेबानंच सुरू केलेलं. मग काय करेल ती? आपला साहेब कधी सुरू करतो, याची वाट बघत म्हातारी होईल."

आता देवळाचा सभामंडप आहे. हेमलताबाई गाभाऱ्याच्या पायरीवर उभ्या आहेत आणि समोर जिल्ह्याजिल्ह्यांचे ग्रंथपाल मांडी घालून बसलेत. पहिल्या रांगेतली सरांची जागा रिकामी. सर पार मागं, चपलांच्या ढिगाशेजारी.

"मोठ्यानं! मागं ऐकू येत नाही!"

सव्वीस वर्षं बाईंना हेच ऐकावं लागलं होतं. त्या डोळे मिटतात, मनात देवाचं नाव घेतात.

"हे मी सुरू केलं! सरांचा विरोध होता!"

आवाज घुमटाला जाऊन भिडतो, वरची कबुतरं फडफडतात. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठते, पिशवीतून चुरगळलेल्या चिठ्ठ्या काढते आणि हात उंच करते. मग दुसरी उठते. मग कोपऱ्यातला एक शिपाई. बघता बघता सारा मंडप उभा राहतो, वर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मागं सर खळीच्या हातांनी टाळ्या वाजवतायत. चिकट, फदफद आवाज, पण थांबत नाहीत. टाळ्या वाजवतच ते पायरीपर्यंत येतात, बाईंच्या हातातल्या लेखावर पंजा दाबतात.

"उठा. वेळेत द्या."

हेमलताबाई उठतात. अडीच वाजलेत. पंखा घरघरतोय. लेखाचं पहिलं पान उचलायला जातात, तर ते उचलत नाही. खालच्या कोऱ्या कागदाला चिकटून बसलंय. ओढलं तर टरकन फाटतं. आत मोरचूद घातलेली निळसर खळ आहे, अजून ओली. सर गेल्यापासून इथं कुणी खळ शिजवलेली नाही. पुस्तकं बाजारातल्या बाइंडरकडे जातात.

बाई दाराकडे बघत नाहीत. फोन उचलतात.

"निमकरबाई, पाचच्या आत लेख देते."

"बरं झालं. अहो, कुणाशी भांडून आलात की काय? आवाज खणखणीत येतोय. आणि उपक्रम सुरू करणाऱ्याचं नाव कुणाचं घालू? कै. कारेकर असंच ना?"

"माझं घाला. हेमलता गुरव."

नवा कागद घेतात. बोटाला लागलेली खळ पदराला न पुसताच लिहायला लागतात : "वाचकाने पुस्तक कुठे सोडले, हे सांगणारी चिठ्ठी मी सुरू केली, आणि कारेकर सरांनी ती टोपलीत टाकली."